भाऊंच्या कपाळामागचा तारा

"तुझ्याच हातानं छापलास न्हवं? मग आता तुझ्याच हातानं उतरव," अनसूयाक्का म्हणाली आणि माझ्या ताटात भाकरी अशी आदळली, जणू माझ्या थोबाडावर हाणायची होती, जरा नेम चुकला.

मी गुमान आमटी ओढली. ऐन जेवणाची वेळ, आणि खानावळीत मी एकटा. एसटी स्टँडाच्या कोपऱ्यावरची खानावळ ही. पूर्वी इथं ड्रायव्हर-कंडक्टर जागा मिळेपर्यंत दारात शिट्ट्या मारत उभे राहायचे. आता भर दुपारी ट्यूब लावावी लागत होती. कारण दारासमोर फुटपाथावर, लोखंडी अँगलच्या सांगाड्यावर, दुमजली घराएवढे भाऊ उभे होते. हात जोडून. खाली 'आपला माणूस'.

भाऊ म्हणजे आमच्या माळेगिरीचे नगरसेवक बजरंगभाऊ खिलारे. फ्लेक्स माझ्या दुकानातला. धंदाच माझा तो. गावात माणूस जन्मू दे नाहीतर मरू दे, दोन्ही वेळेला त्याला गोरा मीच करतो. भाऊंच्या त्या फोटोवर तर मी इतका हात फिरवला होता की त्यांच्या सख्ख्या आईनं बोर्डाखाली उभं राहून विचारलं होतं, "ह्यो पाव्हणा कुणाकडचा?"

"अक्का, मी नुसतं छापतो. लावणारे वेगळे."

"खाटीक बी असंच म्हणतो. मी नुसतं कापतो." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "गेलते मी त्याच्याकडं. म्हटलं, भाऊ, जरा बाजूला सरकवा, लोकांना वाटतंय खानावळ बंद पडली. तर म्हणतोय कसा, 'अक्का, माझ्या सावलीत बसायला लोक धडपडत्यात. तुमाला फुकट गावली.'"

"नगरपालिकेत अर्ज द्यायचा की."

"दिला. सायबानं इचारलं, बोर्डावर फोटो कुणाचा. मी सांगितलं. त्यानं अर्ज माझ्या हातात परत दिला आणि म्हणाला, चहा घेणार का?"

मी हसलो. ती हसली नाही.

"दिवाळीपतोर बघती, इलास. मग कुलूप. लेक बोलवतीया पुण्याला." मग चुलीकडं तोंड करून म्हणाली, "सगळ्या गावाला आग्रह करून वाढलं मी. आता जावयाच्या दारात बसून 'मला भूक न्हाई' म्हणायला शिकायचं."

आता खरं सांगतो, मला समाजसेवेचा रोग नाही. कुणाचं भलं करायला निघालेला माणूस दिसला की मी खिसा चाचपतो. पण अक्काची आमटी गेली तर या गावात राहायचं कशासाठी, हा एक प्रश्न होता. आणि भाऊ हा दुसरा. इतका फुगलेला फुगा समोर दिसतोय आणि आपल्याकडं टाचणी आहे, अशा वेळी गप्प बसणं मला लहानपणापासून जमलेलं नाही.

अक्का टेबलावर जुने पेपर अंथरायची. वाटी उचलली तर खाली बातमी. आपल्या सूर्यमालेच्या बाहेर, चाळीस प्रकाशवर्षांवर, एका बारक्या तांबड्या ताऱ्याभोवती सात ग्रह फिरतात. आकाशाच्या हिशोबानं हे अंतर म्हणजे अगदी शेजार, असंही लिहिलेलं.

"अक्का, ऐका. तिथला पहिला ग्रह दीड दिवसात ताऱ्याला फेरी मारतो. म्हणजे दीड दिवसाचं वर्ष. दीड दिवसाला वाढदिवस! काय धंदा होईल हो माझा तिकडं!"

"जा की मग. कोण अडवतंय?"

"आणि शास्त्रज्ञ म्हणतात, या ग्रहांची एकच बाजू कायम ताऱ्याकडं असणार. त्या बाजूला कायम उजेड. दुसऱ्या बाजूला कायम अंधार."

"ते बघाय एवढ्या लांब कशाला जायचं?" अक्कानं तव्यावरची भाकरी उलटली. "बोर्डाच्या पुढं फोकस, मागं मी."

मी पुढं वाचत गेलो. तारा कुंभ राशीत. ग्रहांना नावं अशी अजून नाहीत, नुसती इंग्रजी अक्षरं चिकटवलेली. तिथं माझा घास हातातच राहिला.

"का रं? दात काढायला काय झालं?"

"काही नाही. अजून एक भाकरी द्या. पोटभर विचार करायचाय."

*

भाऊंचं संपर्क कार्यालय म्हणजे एक एसी, एक सोफा आणि भाऊंचे अकरा फोटो. सोफ्यावर भाऊ. बाजूच्या खुर्चीत कदम सर. हे हायस्कूलला विज्ञान शिकवायचे, आम्हाला पट्टीनं मारून गुरुत्वाकर्षण शिकवलेलं. रिटायर झाल्यावर भाऊंची भाषणं लिहायला लागले. दारात गुंड्या, भाऊंचा खास माणूस. याचं काम भाऊ हसले की हसायचं.

"भाऊ, वाढदिवस आला," मी म्हटलं. "यंदा काय वेगळं?"

"तूच सांग. तू कलाकार माणूस."

"गावात तुमच्या नावानं काय काय आहे सध्या?"

गुंड्या बोटांवर मोजायला लागला. "चौक हाय, कमान हाय, तालीम हाय, बाकडी हायत. मुतारीवर बी नाव होतं, पण ते भाऊंनीच काढाय लावलं."

"म्हणजे सगळं जमिनीवर."

"मग काय आभाळात पायजे?" भाऊ म्हणाले.

मी खिशातनं पेपर काढून त्यांच्यापुढं पसरला. आमटीचा डाग होता, तेवढा अंगठ्यानं झाकला. "सात ग्रह, भाऊ. सातच्या सात बिनवारशी पडलेत. एकालाही नाव नाही."

भाऊंनी बातमी वाचल्यासारखं केलं. "रास कुठली म्हणलास?"

"कुंभ."

"आयला! माझीपण कुंभच की!"

मला माहीत नव्हतं होय? त्यांच्या मागच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मीच छापलं होतं, 'कुंभ राशीचा ढाण्या वाघ'.

कदम सर खाकरले. "भाऊ, नाव देण्याची एक पद्धत असते. आंतरराष्ट्रीय संस्था असते त्याची."

"संस्था? अध्यक्ष कोण हाय तिचा? आपल्यातला हाय का?"

"नाही, तसं नव्हे... आणि भाऊ, हा तारा जरा मंद..."

"मंद कोण?"

"कुणी नाही, भाऊ. तेजस्वी आहे. तेजस्वीच म्हणायचं होतं मला."

हे आमचे विज्ञानाचे सर. या माणसानं मला एकदा 'चूक ते चूक' म्हणत वर्गाबाहेर उभं केलं होतं.

"राहू दे, भाऊ," मी पेपर घडी घालायला लागलो. "नसेल जमत तर राहू दे. मुळीक मला विचारून गेलेत, त्यांना सांगतो."

मुळीक म्हणजे शेजारच्या वॉर्डाचे नगरसेवक. भाऊंनी कमान बांधली की ते मोठी कमान बांधणार, भाऊंनी हत्तीवरनं साखर वाटली की ते उंट शोधणार. ते माझ्याकडं आलेले वगैरे काही नव्हते. ही शुद्ध थाप होती, साजूक तुपातली.

भाऊंनी पेपर माझ्या हातातनं ओढून घेतला. "सर, ठराव लिहा."

आणि ठराव झाला! माळेगिरी नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेत, पाण्याच्या टाकीचा विषय पुढं ढकलून, तिसऱ्या ग्रहाला 'बजरंग' असं नाव द्यायचा ठराव आला. पहिले दोन का नकोत, तर त्यांच्यावर भयंकर ऊन असणार, असं सर म्हणाले. मी प्रेक्षकांत बसून ओठ चावत होतो. मुळीकांच्या गटातला एक जण उठला. "अध्यक्ष महोदय, सदर ग्रह आपल्या हद्दीत येतो का?"

गुंड्या मागनं ओरडला, "येत नसंल तर हद्दवाढ करा!"

टाळ्या. ठराव मंजूर. विरोध करायला कुणाला सुचलंच नाही. आपण विरोध केला आणि उद्या ग्रहावर काही निघालं, तर? हा विचार तिथल्या प्रत्येक तोंडावर मला स्वच्छ वाचता येत होता.

*

ग्रहदर्शन सोहळा ठरला भाऊंच्या वाढदिवसाला, दिवेलागणीनंतर. आमदार येणार. स्टेज एसटी स्टँडाच्या कोपऱ्यावर, बोर्डाच्या अगदी पायाशी. जागा मीच सुचवली. म्हटलं, "तुम्ही खाली, तुमचा फोटो वर, आणि त्याच्या वर तुमचा ग्रह. आणखी काय पाहिजे?" भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. पत्रिका गावभर गेल्या, रस्ता बंद ठेवायची परवानगी आली, मांडव पडला.

मग आदल्या संध्याकाळी मी म्हटलं, "सर, दुर्बीण आणा. एकदा तालीम करू."

कदम सरांनी स्वतःची जुनी दुर्बीण धडप्यात गुंडाळून आणली. स्टेजवर तीन पायांच्या तिकाटण्यावर उभी केली. मोबाइलमध्ये आकाशाचा नकाशा उघडला. मोबाइल जिकडं धरावा तिकडचे तारे त्यात दिसायचे. सर मोबाइल धरून सावकाश फिरले. आग्नेयेला वळले. हात वर वर नेला. आणि थांबले.

"कुठं हाय?" भाऊंनी विचारलं.

सरांनी मोबाइल खाली घेतला, परत वर धरला. त्यांचा हात भाऊंच्या कपाळाकडं होता. वरच्या. फ्लेक्समधल्या.

"अहो सर, कुठं हाय माझा ग्रह?"

"भाऊ... तुमच्या मागे आहे."

भाऊंनी मागं वळून बघितलं.

"मागं म्हणजे फोटोच्या मागं, भाऊ," मी म्हटलं. "बरोबर टिळ्याच्या मागं. तारा तिथं आहे, पण मध्ये तुम्ही आहात."

गुंड्या हसायच्या तयारीत होता, पण भाऊ हसत नव्हते, म्हणून बिचारा तोंड उघडं ठेवून थांबला.

"दुर्बीण सरकवा तिकडं," भाऊ म्हणाले.

"सरकवू की. पण पलीकडं वडाचं झाड. अलीकडं स्टँडाचं छप्पर. मोकळं आभाळ आता एकाच ठिकाणी." मी डोकं खाजवलं. "मुळीकांच्या दारात. तिथनं झकास दिसतो. विचारू का त्यांना?"

भाऊंनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांच्या बायकोबद्दल काहीतरी बोललोय.

"आमदार उद्या येणार," मी आणखी एक ढकललं. "दुर्बिणीला डोळा लावणार आणि त्यांना काय दिसणार? फ्लेक्सवरचा टिळा."

भाऊ कितीतरी वेळ स्वतःकडं बघत राहिले. वरनं ते गोरे, हसरे, हात जोडलेले भाऊ खालच्या काळ्यासावळ्या, घामेजलेल्या भाऊंकडं बघत होते. दोघांतला एक निवडायचा होता. बाकी आयुष्यात या माणसानं कसला त्याग केला असेल तर तो एवढाच.

"काढा," भाऊ म्हणाले.

"नुसता फ्लेक्स काढून चालेल का, सर?" मी सरांना विचारलं. "लोखंडी सांगाडा आडवा येईल ना? ते अँगल, त्या पट्ट्या..."

सरांनी माझ्याकडं बघितलं. मग भाऊंकडं. "येईल. येणारच. धातूचा परिणाम होतो." कसला परिणाम, कशावर, ते त्यांनी सांगितलं नाही. मला पहिल्यांदाच त्यांच्याकडून विज्ञान समजून घ्यायची इच्छा झाली, पण आवरली.

सकाळी गॅस कटर आला. फ्लेक्स खाली आला तेव्हा भाऊंचं नाक गटारात पडलं, गुंड्यानं ते उचलून पुसलं. मग पिवळ्या ठिणग्या उडायला लागल्या आणि सांगाड्याचा एकेक पाय तुटला. अक्का पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली. उन्हानं तिचे डोळे मिटमिटले. मला म्हणाली, "काय केलास रं?"

"मी कुठं? भाऊंनी केलं. थोर माणूस."

"ह्यो उद्या परत उभा करील की."

तो खरा प्रश्न होता. मी मांडव बघायच्या निमित्तानं सटकलो.

*

संध्याकाळी माणसं अशी लोटली, जणू जत्रेत पाळणा फुकट आहे. आमदारांनी पहिल्यांदा दुर्बिणीला डोळा लावला. सगळा गाव श्वास धरून उभा.

आमदार बराच वेळ वाकून राहिले. मग ताठ झाले, कोट सारखा केला आणि म्हणाले, "वा! तांबूस आहे."

संपलं. तिथनं पुढं माळेगिरीत ज्यानं ज्यानं डोळा लावला त्या प्रत्येकाला ग्रह दिसला. नगराध्यक्षांना दिसला. पतपेढीच्या चेअरमनला दिसला, वर त्याला तो फिरतानाही दिसला. गुंड्याला शेपूट दिसली. एका बाईनं तर हात जोडले आणि विचारलं, "साडेसातीला चालतोय का?" चाळिशीतले, पन्नाशीतले, चांगले चालते-बोलते लोक, घरी पोरांना 'खोटं बोलू नये' म्हणून शिकवणारे. रांगेत येत होते, वाकत होते आणि उठताना 'वा' म्हणत होते. मी आयुष्यभर लोकांना बनवत आलोय, पण त्यात काहीतरी मेहनत असते हो. इथं मला काही करावंच लागेना. माझा थोडा अपमानच झाला म्हणा ना.

शेवटी भाऊ. फेटा सावरत वाकले. एक डोळा लावला. मग दुसरा लावला. परत पहिला. मग माझी बाही धरून मला खाली ओढलं आणि कानात म्हणाले, "इलास, मला दिसंना रे."

"काय दिसेना?"

"काहीच. काळं दिसतंय नुसतं." आवाज लहान झालेला. "सगळ्यांना दिसला. माझ्या डोळ्यात काय बिघाड हाय का रे?"

दोन-अडीचशे माणसांत खरं बोललेला हा एकटाच निघाला, आणि तो नेमका भाऊ! मला क्षणभर त्यांच्याबद्दल बरं वाटलं. 'भाऊ, कुणालाच दिसत नाही' असं म्हणायला ओठ हललेसुद्धा. पण स्टेजच्या कडेला ते कापलेले अँगल रचून ठेवलेले मला दिसत होते. मी खरं बोललो असतो तर सकाळी वेल्डिंगवाला आला असता आणि दिवाळीला अक्का पुण्याच्या गाडीत बसली असती.

"भाऊ," मी हळूच म्हटलं, "दिसत नाही असं म्हणणारे गावात तुम्ही पहिलेच."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. समोरच्या गर्दीकडं बघितलं. घसा खाकरला. माइक हातात घेतला.

"दिसला!" भाऊ गरजले. "माझा बजरंग मला दिसला!"

फटाके, हलगी, गुलाल. गेलं. गावात तेवढं एक खरं उरलं होतं, तेही गेलं.

आणि गुलाल बसतोय तोवर मागनं अक्काची हाक आली, "बघून झालं असंल तर पानं मांडल्यात! भाकरी गरम हाय!"

उपाशी पोटी खोटं बोललेल्या गावाला भूक लागली होती. बाकडी भरली, अंगण भरलं, माणसं हातात ताट धरून पायरीवर बसली. अक्काचे हात दोन आणि भाकऱ्या शंभर. माझ्या शेजारी कदम सर बसलेले.

"तोडकर," घास गिळून ते हलक्या आवाजात म्हणाले, "तो तारासुद्धा माझ्या दुर्बिणीतून जन्मात दिसायचा नाही. फार अंधूक आहे. ग्रहाचं तर सोडाच."

"मग तुम्हाला कसा दिसला?"

सरांनी कांदा फोडला. "आमदारांना दिसला ना."

*

महिन्याभरात भाऊ पुण्याला जाऊन डोळे तपासून आले. डॉक्टर म्हणाला, डोळे ठणठणीत आहेत. भाऊ म्हणाले, शक्यच नाही, गावाला दिसतं ते मला दिसत नाही. मग दुसरा डॉक्टर गाठला, त्यानं काहीतरी खोट काढली. काळा चष्मा लावून परत आले आणि आल्या आल्या दुर्बिणीला डोळा लावून म्हणाले, "आता स्पष्ट हाय."

तोवर संध्याकाळी 'बजरंग' बघायला यायची गावाला सवय लागली होती. सर दुर्बीण मांडायचे, लोक 'वा' म्हणायचे, आणि मग सहज समोर दिसतं म्हणून अक्काकडं जेवायचे. बोर्ड परत लावायचं भाऊंच्या मनात होतं. मीच म्हटलं, "लावा की. फक्त मुळीक गावभर सांगतील, भाऊंनी स्वतःचाच ग्रह झाकला." त्यांनी हात मागं घेतला. आणि मग खुद्द मुळीकांनीच त्या मोकळ्या कोपऱ्यावर आपला बोर्ड लावायची परवानगी मागितली, तेव्हा भाऊंनी सभेत टेबल बडवून दुसरा ठराव करून घेतला: ग्रहदर्शनाच्या कोपऱ्यावर यापुढं कुणाचाही, कसलाही बोर्ड लावायचा नाही.

याला आता बरीच वर्षं झाली. भाऊ पडले. मुळीक आले, तेही पडले. तिसरेच आले. जो येतो तो आधी त्या कोपऱ्याकडं बघून जीभ चाटतो. एवढी मोक्याची जागा गावात दुसरी नाही. पण तो ठराव कुणी रद्द करत नाही. रद्द करायचा म्हणजे सभेत उभं राहून एकानं तरी म्हणायला पाहिजे, की मला तेव्हा काही दिसलं नव्हतं.

परवा जेवताना मी हे अक्काला समजावून सांगितलं. ती परातीतला गोळा मळता मळता थांबली.

"त्यात काय एवढं? मी म्हणती की," म्हणाली. "मी तर बघितलंच न्हवतं."

"अक्का," मी म्हटलं, "तुम्ही भाकरी थापा."